निष्पाप माणूस: शक्य की अशक्य?

मी मूळची विज्ञानाची. ‘असं होऊ शकतं’ आणि ‘असं झालंय’ यांची गल्लत झाली की अडखळते. पाचव्या शतकात ख्रिस्ती जगात या फरकावरून मोठं भांडण पेटलं होतं.

पेलेजियस मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये शिकवणारा तपस्वी. त्याचं म्हणणं सरळ होतं: पाप करू नका असं देव सांगतो, म्हणजे ते टाळता येत असणारच. इ.स. 415 मध्ये पॅलेस्टाईनमधल्या डिओस्पोलिसला 14 बिशपांनी त्याची चौकशी केली. तो म्हणाला, प्रयत्न आणि देवाची कृपा असेल तर माणूस पापाविना राहू शकतो. पण जन्मभर तसा राहिलेला कुणी आहे, असं मी म्हटलेलं नाही. सुटला!

उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिनला हे पटेना. त्याच्या मते आदामापासून माणसाची इच्छाच बिघडलेली. कृपेने आतून बदलल्याशिवाय ती चांगल्याकडे वळणार कशी?

418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसच्या मतांविरुद्ध निकाल दिला. त्यातली एक बाब मला फार आवडते. प्रभूच्या प्रार्थनेत अपराधांची क्षमा मागितलेली आहे. संत हे फक्त नम्रतेपोटी किंवा इतरांसाठी म्हणतात, असं मानणाऱ्यांचा परिषदेने धिक्कार केला. संतानेही ती क्षमा खरोखर स्वतःसाठीच मागायची!

मरियेबद्दल मात्र, प्रभूच्या सन्मानाखातर, ऑगस्टिनने पापाचा विषयच काढायचं नाकारलं. ती मूळ पापापासून मुक्त होती, हे पोपने 1854 मध्ये अधिकृत सिद्धान्त म्हणून जाहीर केलं. प्रोटेस्टंटांना ते आजही मान्य नाही.