फोनमधली हलगी

गावात दवंडी फिरायची तेव्हा आधी हलगीवर थाप पडे आणि मग आरोळी. थाप ऐकली की हातातलं काम थांबे, कारण तो आवाज सगळ्या गावासाठी असे. पण हलगी वाजवणाऱ्याला हे काम निवडता येत नसे. निरोप पोचवणं, दवंडी देणं ही कामं महारांवर वतन म्हणून लादलेली होती. ज्याच्या आवाजावर गाव विसंबून होतं, त्यालाच गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी तो मोडला आणि पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. फोनच्या रिंगटोनचा मागोवा मला इथून घ्यावासा वाटतो. आवाज कोणी ठरवायचा, हा प्रश्न इथे फार जुना आहे.

मधल्या काळात एसटी आली आणि तिने ठोक्यांची भाषा शिकवली. कंडक्टरने दोरी ओढून एक टोला दिला की गाडी थांबायची, दोन दिले की निघायची. शब्दांवाचून ठोके मोजून अर्थ लावायची ही सवय पुढे कामाला आली. जुन्या नोकियावर संदेश आला की तीन आखूड, दोन लांब, पुन्हा तीन आखूड टिक्टिक् व्हायची. ती मोर्सच्या तारभाषेतली ‘एसएमएस’ ही अक्षरं होती. त्याच कंपनीची जगभर वाजलेली धून स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगाच्या १९०२ च्या ‘ग्रान वाल्स’मधली.

आपली धून आपणच फोनमध्ये भरायची सोय १९९६ साली जपानी फोनवर आली. आपल्याकडे ती रुळली नोकिया ३३१० सारख्या फोनमुळे. आकड्यांची बटणं दाबून एकेक सूर बसवायचा, आणि कुठल्या गाण्याला कुठली बटणं हे वहीत उतरवून मित्राला द्यायचं. मग मेमरी कार्डं आली आणि मोबाइलच्या दुकानात हवं ते गाणं भरून मिळू लागलं. आता महाडला फोन भीमगीताने वाजतो, रायगडाच्या पायथ्याशी पोवाड्याने किंवा तुतारीने. कुणाच्या खिशात हलगीच कडाडते, आणि ती त्याने स्वतः लावलेली असते. एकेकाळी सक्तीने वाजवावी लागलेली हलगी माणूस हौसेने लावतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

प्रत्येक नंबराला वेगळी धून लावता येते, याचं मोलही इथे अधिक. घरटी कुणीतरी मुंबईला असतं. पडद्यावरचं नाव वाचता न येणारी आजी चुलीपुढून ओळखते की हा फोन थोरल्याचा आहे.

मात्र महाडच्या या सावित्री नदीच्या खोऱ्यात एक आवाज असा आहे, जो प्रत्येकाच्या आवडीवर सोडता येत नाही. सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर, धोका पातळी ६.५ मीटर. पाणी चढू लागलं की महाडला नगरपालिकेचा भोंगा होतो आणि व्यापारी माल माळ्यावर चढवू लागतात. दवंडीचा हा थेट वंशज. पण भोंगा वाड्यांपर्यंत ऐकू जात नाही. २००५ च्या जुलैत दासगाव आणि जुईवर दरड आली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ८० हून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडी आल्या.

२० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रातले असंख्य फोन एकाच कर्कश आवाजात वाजले. दूरसंचार विभागाची ती इशाऱ्याची चाचणी होती. आदल्याच रात्री याच रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. हा संदेश नंबर शोधत येत नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम उमटतो. आवाज मुद्दाम कानाला टोचेल असा ठेवतात. अमेरिकेतल्या अशा इशाऱ्यात ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजतात. पेटीवर सा आणि शुद्ध रे एकदम दाबून बघा, भजनी मंडळातला कोणीही दचकेल.

सेटिंगमध्ये हे आणीबाणीचे इशारे बंद करता येतात. पावसाळ्यात ते बंद करू नका. तलाठी, पोलीस पाटील, वरच्या वाडीतला एखादा शेजारी यांच्या नंबरांना एक वेगळी, मोठी धून लावा आणि फोन शांत ठेवला तरी त्यांचे फोन वाजतील अशी सूट द्या. आणि भोंगे काढू नका, उलट वाड्यांवर नवे बसवा, बॅटरीवर चालणारे. २०२१ च्या पुरात महाडची वीज गेली होती, फोनची रेंजही गेली होती.