तिऱ्हाईत पंच

नोव्हेंबर 1986. लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांची दुसरी कसोटी, आणि पंच म्हणून उभे होते दोन भारतीय: मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. आग्रह पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खानचा. फैसलाबादची पहिली कसोटी त्याच्या संघाने वेस्ट इंडीजला 53 धावांत गुंडाळून जिंकली होती. पण घरच्या मैदानावर जिंकलं की पंचांचं नाव निघणारच, आणि इम्रानला नेमकं तेच नको होतं.

लाहोरला पाकिस्तानचे डाव 131 आणि 77 धावांत आटोपले. कसोटी तीन दिवसांत, एक डाव आणि 10 धावांनी गेली. हवे ते पंच मिळाले, सामना मात्र गमावला! तरी कराचीच्या तिसऱ्या कसोटीलाही हेच दोघे उभे राहिले.

तोवर रिवाज असा की पंच यजमान देशाचेच. (1912 मध्ये इंग्लंडमधल्या तिरंगी स्पर्धेत ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या सामन्यांना इंग्रज पंच होते, पण तो योगायोगच म्हणायचा.) पाहुण्यांच्या मनात संशय कायमचाच. 1980 मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर वेस्ट इंडीजच्या मायकेल होल्डिंगने रागाच्या भरात लाथेने यष्ट्या उडवल्या आणि कॉलिन क्रॉफ्ट धावत येताना पंच फ्रेड गुडॉल यांच्यावर आदळला. पुढच्याच वर्षी मेलबर्नला 70 धावांवर पायचीत दिल्यावर सुनील गावसकर जोडीदार चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाला. संघ व्यवस्थापकांनी सीमारेषेवर चौहानला अडवलं म्हणून निभावलं. ती कसोटी भारतानेच जिंकली, हे अनेकजण विसरतात.

या पंचांनी लबाडी केली, की माणूस चुकतो तसे ते चुकले? पंच घरचा असेपर्यंत हे ठरवण्याची सोयच नव्हती, आणि त्यात प्रामाणिक पंचही भरडले जात.

1987 च्या डिसेंबरात फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा यांची भर मैदानात बाचाबाची झाली. तिसऱ्या दिवशी एकही चेंडू टाकला गेला नाही. गॅटिंगने लेखी माफी मागितली तेव्हा खेळ सुरू झाला. दोन वर्षांनी भारत पाकिस्तानात गेला तेव्हा जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर हे इंग्रज पंच नेमले गेले. सचिन तेंडुलकरने पहिली कसोटी त्यांच्यासमोर खेळली. 1994 पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ, आणि 2002 पासून दोन्ही.

संशय गेला, चुका राहिल्या. 2008 च्या सिडनी कसोटीतले गाजलेले चुकीचे निर्णय तटस्थ पंचांचेच होते. त्यांच्यापैकी जमैकाचे स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून वगळण्यात आलं. त्याच वर्षी श्रीलंकेत निर्णयाची फेरतपासणी मागण्याची पद्धत पहिल्यांदा अजमावली गेली. भारताने पुढे अनेक वर्षं तिला नाक मुरडलं, ते 2016 पर्यंत.

मग करोनाने प्रवास बंद पाडला आणि 2020 मध्ये यजमान देशाचे पंच परतले. 2021 च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा नितीन मेनन आणि इतर भारतीय पंचच उभे होते. कोणी यष्ट्या उडवल्या नाहीत, कोणी मैदान सोडलं नाही. घरचे पंच म्हणून दोन्ही संघांना डावामागे एक फेरतपासणी जास्त मिळत होती: दोनच्या जागी तीन.