चाकरमानी परत येतात तेव्हा...

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. पुण्याहून नातवाने फोन करून विचारलं, "आजोबा, शाई संपली का?" शाई संपली नव्हती. एक विषय डोक्यात घोळत होता, पण तो मांडायचा तर स्वतःबद्दलही थोडं खरं लिहावं लागणार होतं. म्हणून टाळत होतो. आज लिहून टाकतो.

विषय साथीचा आहे. शेवटी कोरोनापाशी यायचंच आहे, पण सुरुवात १८९६ च्या प्लेगपासून करतो. इतिहासाच्या मास्तराला मागून सुरुवात केल्याशिवाय चैन पडत नाही!

माझे पणजोबा मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा घरटी एक तरी माणूस मुंबईत असायचा. इथली भातशेती चार महिन्यांची, तीही बहुतेकांची खोताच्या जमिनीत. पोट भरायचं तर मुंबई गाठण्यावाचून इलाज नव्हता. अशा माणसाला आमच्याकडे 'चाकरमानी' म्हणतात. तो मुंबईत राबायचा आणि त्याच्या पैशावर गावातली चूल पेटायची.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. व्हिएगस मूळचे गोव्याचे. मांडवी म्हणजे बंदराजवळची, धान्याच्या वखारींची वस्ती. वखारी तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे पिसवा! पण हे आपण आज म्हणतो. उंदरांच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे आणखी काही वर्षं गेली. तोपर्यंत सरकारचा सगळा राग घाणीवर आणि घाणीत राहणाऱ्यांवर होता. घरं कार्बोलिकने धुतली, उजेड यावा म्हणून कौलं काढली, अंथरुणं जाळली. रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात नेऊ लागले. ज्या घरात माणसाने राहू नये असं साहेबाला वाटे, त्याच्या भिंतीवर तशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. ऑक्टोबर १८९६ मध्ये चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पुण्यात रँडच्या कारभाराचं काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. त्याच पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. हे मात्र मी शाळेत शिकलो नव्हतो, पुढे शिकवताना कळलं.

तर सांगायचा मुद्दा असा की लोक मुंबई सोडून निघाले. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाख २१ हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसं निघून गेली, असा त्या वेळचा अंदाज आहे. आगबोटीने, रेल्वेने, बैलगाडीने, पायी... जसं जमेल तसं.

आणि मग गिरण्यांची पंचाईत झाली. यंत्रं होती, कापूस होता, चालवायला हात नव्हते. एरवी गिरणीत पगार महिन्याचा, तोही पुढच्या महिन्यात बरेच दिवस गेल्यावर मिळायचा. म्हणजे कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. त्यामुळे तो सहसा काम सोडून जात नसे. पण प्लेगपुढे हा हिशोब टिकला नाही. पगारावर पाणी सोडून माणसं पळाली. तेव्हा मालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. रस्त्याच्या नाक्यावर उभं राहून एकमेकांवर चढाओढीने बोली लावून कामगार मिळवायची वेळ त्यांच्यावर आली! मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं हसायची. जो जॉबर एरवी कामगाराला दारात उभं करायचा, तोच आता त्याला शोधत फिरत होता.

पण हे दिवस थोडेच टिकले. साथ ओसरली तशी माणसं परतली. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने गावाकडची आणखी माणसं शहराकडे ढकलली. हात पुन्हा स्वस्त झाले आणि महिन्याचा पगार पुन्हा महिन्यावर गेला. माझ्या मते ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कामगाराची किंमत तो कामावर नसताना कळली, आणि तो परत आल्याबरोबर विसरली गेली.

सरकारने काय केलं? साथरोगाचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ ला झाला, म्हणजे पहिला रोगी सापडल्यापासून पाच महिन्यांच्या आत. माणसांची झडती घ्यायला, अडवायला, वेगळं ठेवायला तो पुरेसा होता. घरांचा प्रश्न हाती घ्यायला मात्र 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' डिसेंबर १८९८ मध्ये निघाला. ट्रस्टने चांगली कामं केली हे खरं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याचेच. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्याही त्याच्याच. पण जुन्या दाटीच्या वस्त्या पाडण्याचा वेग आणि गरिबांसाठी खोल्या बांधण्याचा वेग सारखा नव्हता. ज्यांची घरं पडली ते शेजारच्या चाळीत दाटीवाटीने शिरले. मोकळी हवा मिळाली, पण ती मिळाली भाडं परवडणाऱ्याला.

१९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७ लाख ७६ हजार भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. १९११ मध्ये ती ९ लाख ७९ हजार झाली. पुस्तकात लिहितात की शहर सावरलं. बरोबरच आहे. पण ज्या काळात शहर सावरत होतं त्या काळात ती माणसं कुठे होती, काय खात होती? त्याचा हिशोब पुस्तकात नाही. तो आमच्या आजीकडे होता.

आजी सांगायची, "मामंजी पौषात आले. गावाने घरात येऊ दिलान नाही. मांगरात ठेवलान." मांगर म्हणजे शेतातली खोप. आजीच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, स्वतः तिला हे सांगितलेलं. वीस दिवस ते मांगरात होते. त्यांची आई लांब एका धोंड्यावर भाकरी ठेवून मागे फिरायची आणि मुलगा जेवतो की नाही ते झाडाआडून बघायची. पुढे त्यांना घरात घेतलं. पावसात लावणी केली, गणपती केले आणि मग ते परत मुंबईला गेले. त्यांचा अडकलेला पगार बुडाला तो बुडालाच. नाक्यावर बोली लागत होती तेव्हा ते इथे गावात, त्यामुळे त्या चढ्या मजुरीतली एक दिडकीही त्यांना मिळाली नाही. त्या वर्षी घरात एक खाणारा वाढला आणि पैसा यायचा थांबला. पणजीच्या पाटल्या गेल्या त्या तेव्हाच.

शहराच्या संकटाचा खर्च असा गावाने सोसला. विमा नव्हता, पेन्शन नव्हतं. आजारपण आलं, बेकारी आली की गावाकडचं घर होतं, एवढाच काय तो विमा. त्याचा हप्ता घरातल्या बायका भरत होत्या. १९१८ च्या मानमोडीतही याहून वेगळं झालं नसावं.

आता २०२०.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. त्याआधीच तो १८९७ चाच कायदा बाहेर काढला होता. या वेळी रेल्वेच बंद, त्यामुळे माणसं चालत निघाली. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. (या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. त्या वर्षीच्या एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. शेती मात्र वाढली. देशातल्या कामकऱ्यांपैकी २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के लोक शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते ४६.५ टक्के झाले. इतकी वर्षं माणूस शेतातून बाहेर पडतोय असं आम्ही शिकवत आलो, आणि तो दोन वर्षांत माघारी आला. शेतीला इतक्या हातांची गरज होती म्हणून नव्हे, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून! रोजगार हमीच्या कामावर त्या वर्षी देशभरातली सात कोटींहून जास्त कुटुंबं गेली. ती कल्पना मुळात आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातली. वि. स. पागे यांचे त्यासाठी आभार मानायला हवेत.

आणि आता ते, जे लिहायचं टाळत होतो.

मे महिन्यात चाकरमानी येणार अशी बातमी आली तेव्हा गावात बैठक झाली. वेशीवर फलक लावायचा ठरला. फळा आणला, रंग आणला आणि कुणीतरी म्हणालं, "गुरुजींचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिला. 'बाहेरून येणाऱ्यांना गावात प्रवेश बंद.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही, अक्षरं सारख्या उंचीची. भीती वाटत होती हे खरं आहे. माझं वय, हिचा दमा. खबरदारी घेणंही चुकीचं नव्हतं. पण ज्या घरातून मी उठून बैठकीला गेलो, त्याच घराच्या पणजोबांना मांगरात ठेवलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलंही नाही. तीस वर्षं इतिहास शिकवून ही तऱ्हा!

चार दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी बायको-मुलीसह आला. मुंबईत हॉटेलच्या भटारखान्यात होता. हॉटेल बंद, राहायची सोयही हॉटेलचीच, तीही गेली. त्यांना शाळेत ठेवलं, जिथे मी त्याला सातवीत शिकवलं त्याच खोलीत. मी खिडकीपासून लांब उभा राहून चौकशी केली. तो म्हणाला, "गुरुजी, वेशीवरचं अक्षर ओळखलं मी. तुमचंच." रागाने नाही म्हणाला. हसत म्हणाला. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून हिने त्यांना दोन वेळचा डबा दिला. मी तो नेऊन शाळेच्या पायरीवर ठेवायचो आणि मागे सरायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी धोंड्यावरची भाकरी आठवली, आणि तिथेच पायरीवर बसलो. वाळीत टाकणारं गावच, आणि जेवू घालणारंही गावच. माझ्यात तर दोन्ही एकाच आठवड्यात होते.

तो आठ महिने इथे होता. बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं. परत गेला तेव्हा जुनं हॉटेल उघडलेलंच नव्हतं, दुसरीकडे कमी पगारावर लागला. बातम्यांत तेव्हा अर्थव्यवस्था सावरल्याची चर्चा चालू होती. मंगळसूत्र सुटायला आणखी दोन वर्षं लागली. म्हणून म्हणतो, एखादा प्रदेश सावरला की नाही हे कारखाना पुन्हा सुरू झाल्याच्या तारखेवरून ठरवू नये. गहाण पडलेली वस्तू कधी सुटली ते विचारावं.

तो फलक नंतर मी मागून घेतला. पडवीत उलटा करून ठेवला आहे. पुसलेला नाही, पुसणारही नाही.

असो. तुमच्याही घरात प्लेगची, मानमोडीची एखादी गोष्ट कुणी सांगितली असेल. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा आणि मलाही जरूर कळवा. आणि नातवा, शाई आहे हो अजून!