तळटीप ७ : ‘गुलाबी-जांभळी काच’

७. गुलाबी-जांभळी काच : सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९६३) विद्यार्थी ऊतिशास्त्र शिकताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ती काचपट्टी. ऊतीचा तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल घालवतात आणि वितळलेले पॅराफिन मेण आत मुरवतात. मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. काप कोमट पाण्यावर सोडला की त्याच्या सुरकुत्या जातात. मग तो अलगद काचेवर उचलतात. मेण उतरवून काप पुन्हा पाण्यात आणला की रंगवायला तयार होतो. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके आधी तांबूस दिसतात, किंचित अल्कधर्मी पाण्यात निळी-जांभळी होतात. इओसिनने पेशीद्रव गुलाबी होते.

हिमॅटॉक्सिलिन लॉगवूड या मध्य अमेरिकेतल्या झाडाच्या गाभ्यातून मिळते. त्याने कापडही रंगवत. नुसते हिमॅटॉक्सिलिन केंद्रकांना नीट धरत नाही, त्याला तुरटीची जोड लागते. ती १८६५मध्ये ब्योमर यांनी दिली. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारीही तुरटीच वापरत आले. गिरण्या आणि चादरींच्या सोलापुरात ‘रंगबंधक’ ही कल्पना म्हणूनच परकी नाही. रंगाऱ्यांचे हे ज्ञान रोगनिदानाच्या कामी आले, हे वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावे. — संपादक