हळदीचं पेटंट आणि आपली त्वचा

नवीन जालन्यातल्या दवाखान्यात खाजऱ्या पुरळावर हळदीचा लेप लावून आलेले पेशंट नेहमीच दिसतात. ‘हळदीची केस तर आपण अमेरिकेत जिंकलो ना, डॉक्टर?’ असंही काही जण विचारतात. हो, जिंकलो. पण नेमकं काय जिंकलो, हे समजून घ्या.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्याकडे खरचटलं की आजी हळद दाबते; तेच तिथे नवा शोध ठरलं. तेव्हा सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९६ मध्ये संस्थेने या पेटंटला आव्हान दिलं. संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने दाखले आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही पुढे ठेवला. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे सगळे दावे फेटाळले गेले. असे वाद पुन्हा होऊ नयेत म्हणून २००१ पासून पारंपरिक औषधज्ञानाची डिजिटल नोंद सुरू झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. हा उपाय जुना आहे, एवढंच आपण सिद्ध केलं. तो प्रत्येक त्वचेला, प्रत्येक पुरळावर चालतो, याचा निकाल त्या केसमध्ये लागलेला नाही.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं, हे खरं. पण स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते. भेसळीच्या हळदीत मेटॅनिल यलो किंवा शिशाचा पिवळा रंग असू शकतो. काहींना शुद्ध हळदीचीही ॲलर्जी येते. शिवाय पिवळ्या थराखाली लाली वाढतेय की कमी होतेय, हे ना तुम्हाला दिसतं, ना मला.

म्हणून पुरळ ओलं असेल, चिघळलं असेल किंवा भाजलेलं असेल तर हळद लावू नका. साध्या खाजेवर गार पाण्याची पट्टी ठेवा. त्वचा कोरडी असेल तर आंघोळीनंतर खोबरेल तेल लावा. पू, ताप, वेगाने पसरणारं पुरळ किंवा मधुमेहींच्या पायाची जखम असेल, तर लेप न लावता थेट डॉक्टरांकडे या.

आजीच्या बटव्याचा मान राखाच. पण त्वचा दाखवायला येताना ती स्वच्छ धुऊन या!