एम्प्रेस मिलची जमीन आणि यंत्रे : ताळेबंदातील स्थिर मालमत्तेचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून विचार

प्रास्ताविक :

ताळेबंद शिकताना वाणिज्य शाखेचा विद्यार्थी 'स्थिर मालमत्ता' या शीर्षकापाशी हमखास अडखळतो, असा प्रस्तुत लेखकाचा अध्यापनातील अनुभव आहे. जमीन, इमारत व यंत्रसामग्री यांच्यापुढील रक्कम म्हणजे त्या वस्तूंची आजची किंमत, असे तो गृहीत धरतो. अन्य विद्याशाखांतील सहकारी प्राध्यापकांशी बोलतानाही हाच समज आढळतो. वस्तुतः सर्वसाधारण पद्धतीनुसार ही रक्कम म्हणजे वस्तू मिळविण्यासाठी झालेल्या खर्चाचा, नफ्यातून अद्याप वजा न झालेला भाग होय. बाजारभावाशी तिचा संबंध असेलच असे नाही. ही गोष्ट व्याख्येपेक्षा इतिहासातून अधिक स्पष्ट होते आणि त्यासाठी नागपूरच्या अभ्यासकास दूर जाण्याची गरज नाही. एम्प्रेस मिलचे उदाहरण आपल्या शहरातच आहे.

दलदलीत घातलेले भांडवल :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. कापूस पिकविणाऱ्या मुलखातच गिरणी उभारावी, या विचाराने जमशेटजी टाटा यांनी मुंबई सोडून नागपूरची निवड केली. त्या काळी अनेकांना हे धाडस अनाठायी वाटले होते. 1874 मध्ये 15 लाख रुपये भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, गिरणीसाठी जागा घेण्यात आली. जागा दलदलीची असल्याने भराव घालणे भाग होते. जमशेटजींच्या चरित्रांत या संदर्भात एका स्थानिक सावकाराची आख्यायिका सांगितली जाते. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून त्या सावकाराने कर्ज नाकारले. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर, याने जमिनीत माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिली म्हणे.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी लेखाशास्त्राच्या दृष्टीने त्या मातीला महत्त्व आहे. जागा बांधकामायोग्य करण्यासाठी घातलेल्या भरावाचा खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा करावयाचा, की जमिनीच्या किमतीत मिळवावयाचा? मान्य तत्त्व असे की, मालमत्ता अपेक्षित उपयोगासाठी सिद्ध होईपर्यंतचा आवश्यक खर्च हा भांडवली खर्च होय. त्यामुळे खरेदीची रक्कम व भरावाचा खर्च मिळून जमिनीची मूळ किंमत ठरते. जमीन वापराने झिजत नाही, म्हणून सामान्यतः तिच्यावर घसाराही आकारला जात नाही. मूळ किमतीची पद्धत पाळणाऱ्या कंपनीच्या वहीत तो आकडा पिढ्यान्पिढ्या तसाच राहतो. सभोवती शहर वाढते, रस्ते होतात, भाव चढतात. वहीला त्याची वार्ता नसते.

यंत्रांचा प्रश्न :

यंत्रांचे तसे नाही. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. एम्प्रेस हे नाव त्यावरूनच पडले. आरंभी तीत 15,552 थ्रॉसल चात्या, 14,400 म्यूल चात्या आणि 450 माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होती. पहिली यंत्रे काटकसरीने घेतलेली होती व त्यांचे उत्पादन समाधानकारक ठरले नाही. जमशेटजींनी ती बदलण्याचा निर्णय घेतला. पुढे 1880 च्या दशकात, लँकेशायरमध्येही ज्यांच्याविषयी साशंकता होती त्या रिंग चात्यांचे प्रयोग नागपुरात झाले.

हा प्रसंग घसाऱ्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. चालू स्थितीतील यंत्रही आर्थिकदृष्ट्या निकामी झालेले असू शकते. ते झिजले म्हणून नव्हे, तर अधिक चांगले यंत्र निघाले म्हणून. वहीत त्याची शिल्लक किंमत कितीही असली, तरी ते बदलण्यासाठी पैसा हाती हवा. तो कोठून येणार? नफ्यातून दरवर्षी घसारा वजा केल्याने ती रक्कम लाभांश म्हणून वाटली जात नाही व कंपनीत राहते. मात्र ती रोख स्वरूपात राहीलच असे नाही. विद्यार्थी येथे दुसऱ्यांदा फसतात.

कायदा या बाबतीत दीर्घकाळ उदासीन होता. ली विरुद्ध न्यूशातेल अस्फाल्ट कंपनी या 1889 मधील खटल्यात, झिजणाऱ्या मालमत्तेची भरपाई केल्याशिवाय लाभांश वाटता येणार नाही असे बंधन कंपनीवर नाही, अशी भूमिका इंग्लंडमधील न्यायालयाने घेतली. भारतात 1922 च्या आयकर कायद्याने करासाठी घसाऱ्याची वजावट दिली; परंतु लाभांशापूर्वी घसारा वजा करण्याची सक्ती 1956 च्या कंपनी कायद्यात 1960 च्या दुरुस्तीने आली. म्हणजे एम्प्रेस मिलची कंपनी स्थापन झाल्यानंतर तब्बल 86 वर्षे हा विषय प्रामुख्याने संचालकांच्या विवेकावर सोपविलेला होता. पहिली यंत्रे बदलली गेली ती कायद्याच्या धाकाने नव्हे, याची नोंद घेतली पाहिजे.

सक्तीनेही सर्व प्रश्न सुटला नाही. समजा, एक लाख रुपयांच्या यंत्राचे आयुष्य 20 वर्षे धरले. दरवर्षी पाच हजार रुपये घसारा आकारून विसाव्या वर्षी लाख रुपये वजा होतात. पण त्या वेळी नवे यंत्र चार लाखांना मिळत असेल, तर मधली वाटलेली प्रत्येक 'नफ्याची' रक्कम अंशतः यंत्राचीच होती, असे म्हणावे लागेल. भारतीय कापडगिरण्यांचे आधुनिकीकरण का रखडले, याची यंत्रमागांची स्पर्धा, शासकीय धोरण, संप अशी अनेक कारणे दिली जातात. महागाईच्या काळातील मूळ किमतीवरचा अपुरा घसारा हे कारण मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गिरणीनंतर :

1986 मध्ये एम्प्रेस मिल महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि 2002 मध्ये बंद झाली. त्या आवारात पुढे एम्प्रेस सिटी हे व्यापारी व निवासी संकुल उभे राहिले. चात्या आणि माग गेले, जमीन उरली. मुंबईतही असेच घडले. तेथे गिरण्यांच्या जमिनीसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा स्वतंत्र नियम करावा लागला. जी बाब गिरणीच्या ताळेबंदात सर्वांत कमी बोलते, तीच गिरणी बंद पडल्यावर सर्वांत मोलाची ठरते.

2013 च्या कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची कारखान्याच्या इमारतीस 30 वर्षे व सर्वसाधारण यंत्रसामग्रीस 15 वर्षे आयुष्य धरते. जमिनीस आयुष्य नाही. भारतीय लेखा मानक 16 नुसार स्थिर मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करता येते, पण त्यातून दिसणारी वाढ लाभांश म्हणून वाटता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे. तथापि पुनर्मूल्यांकन न करणाऱ्या जुन्या कंपनीच्या ताळेबंदावरून तिच्या जमिनीचे मोल वाचकास कळण्याचा मार्ग राहत नाही.

हे मोल कोणास कळणे आवश्यक आहे? भागधारक व बँका चौकशी करून घेतात. कामगाराकडे ते साधन नसते. ताळेबंदात त्याच्या कौशल्यासाठी रकाना नाही. त्याचे नाव येते ते थकलेल्या देण्यांच्या बाजूस. 1985 च्या दुरुस्तीने 1956 च्या कायद्यात आलेल्या कलम 529-अ ने, कंपनी गुंडाळताना कामगारांच्या देण्यांना तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले. 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 नुसार हे बरोबरीचे स्थान अवसायन सुरू होण्यापूर्वीच्या 24 महिन्यांच्या देण्यांपुरते आहे. हा हक्क प्रत्यक्षात किती रुपयांचा, हे त्या स्थिर मालमत्तेला विक्रीत काय किंमत येते यावर ठरते. वहीतील आकड्यावरून ते ताडता येत नाही.