दुय्यम भूमिकेचे मोल

दुय्यम भूमिकेचे सामर्थ्य मराठी नाट्यरसिकांस नव्याने सांगावयास नको. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’चा नायक सुधाकर खरा; परंतु त्याच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम वगळला, तर नाटकाचे चाकच फिरत नाही. बोलपटांच्या जगालाही ही जाणीव पुढे झाली. फिल्मफेअरने सहायक अभिनेत्यासाठी ठेवलेल्या पारितोषिकाचा पहिला मान ‘बूट पॉलिश’मधील (१९५४) कामाबद्दल डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांस मिळाला. ‘मधुमती’तील (१९५८) चरणदासाबद्दल तेच पारितोषिक जॉनी वॉकर यांना लाभले. हे जॉनी वॉकर म्हणजे आपल्या इंदुरात १९२६ साली जन्मलेले बद्रुद्दीन काझी.

वडील गिरणी कामगार. कुटुंब मुंबईस गेल्यावर बद्रुद्दीन यांनी बेस्टच्या बसगाडीवर कंडक्टरची नोकरी धरली. उतारूंना हसवीत तिकिटे देणारा हा तरुण बलराज साहनी यांच्या नजरेत भरला. त्यांच्याच सूचनेवरून त्याने गुरुदत्त यांच्यासमोर दारुड्याचे असे सोंग वठविले की ‘बाजी’त (१९५१) त्याला काम मिळाले आणि एका विलायती मद्याचे नावही चिकटले. गंमत अशी, की हा गृहस्थ स्वतः मद्याच्या थेंबासही शिवत नसे. सोंगाला अनुभव लागतोच असे नाही. निरीक्षण मात्र लागते.

परंतु केवळ हशा पिकविणारा नट म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. ‘प्यासा’तील (१९५७) अब्दुल सत्तार आठवून पाहा. हा रस्त्यावरचा मालिशवाला. त्याच्या गाण्याने प्रेक्षागृह डोलते, आणि चित्रपटात त्याचे प्रयोजन तेवढेच, असे आपणांस वाटू लागते. पुढे कवी विजय वेड्यांच्या इस्पितळात अडकतो. सख्खे भाऊ आणि प्रकाशक लोभापायी त्याची ओळखही नाकारतात. त्या वेळी त्याला ओळखून बाहेर काढतो तो हा सत्तारच! ज्याला आपण विरंगुळा समजलो, त्याच्याच हाती दिग्दर्शकाने माणुसकीची कसोटी सोपविलेली असते. आधी आपण त्याच्यासवे मोकळेपणी हसलो नसतो, तर त्याच्या इमानाने आपण इतके हेलावलो नसतो.

‘आनंद’मधील (१९७१) ईसाभाई सुरतवाला हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवितो. येथे हसविणारा स्वतःच रडतो, आणि मरणाच्या दारी उभ्या असलेल्या आनंदविषयीचे दुःख एकाएकी आपले होते.

२००३ साली जॉनी वॉकर निवर्तले. ‘दुय्यम’ हा शब्द भूमिकेची लांबी सांगतो, तिचे वजन सांगत नाही. ते जोखावयाचे असेल, तर ते पात्र मनातल्या मनात काढून पाहावे. सत्ताराला काढले, तर विजय इस्पितळातच राहतो.